शाळेच्या बाजारात मुलांनी काय मांडावे?

आजच्या विषयाचे नाव ऐकून काही मंडळींना हसू आले असेल. वसंत व्याख्यानमालेत अर्थकारण, इतिहास, संतवाङ्मय यांवर बोलावे असा रिवाज. त्या भारदस्त विषयांच्या पंगतीत ‘शाळेच्या बाजारात मुलांनी काय मांडावे’ हा विषय म्हणजे मोठ्यांच्या ओळीत येऊन बसलेले पोर दिसते. तथापि ज्यांच्या घरी तिसरी-चौथीतले मूल आहे, त्यांना हा प्रश्न किती अवेळी आणि किती निकडीने उभा राहतो हे पक्के ठाऊक आहे. रात्रीची जेवणे आटोपलेली असतात. दप्तर भरता भरता मूल म्हणते, ‘आई, परवा शाळेत बाजार आहे. मला काहीतरी विकायला पाहिजे.’ मग घरात जी धांदल उडते, तिच्यात त्या मुलाला कोणी काही विचारीत नाही.

बाजार ही आपल्या भंडारा जिल्ह्याला काही नवलाई नाही. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि या दोहोंच्या भोवती जिलेबी, खेळणी, बांगड्या, शिंगाडे यांची दुकाने. आठवडी बाजार तर बाराही महिने आहेच. आपल्याकडचे मूल चालायला लागते तेच बाजारात कोणाचे तरी बोट धरून. याच धर्तीवर शाळांतून हल्ली ‘बाल आनंद मेळावा’ किंवा ‘बालबाजार’ भरवितात. मुले दुकाने मांडतात, पालक आणि गावकरी गिऱ्हाईक होतात. हेतू असा, की नाणी मोजणे, सुटे परत करणे, नफा आणि तोटा हे जे फळ्यावर शिकविले ते एक दिवस हातांनी करून पाहावे. हेतू चांगलाच आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांनी गावच्या सुताराजवळ, कुंभाराजवळ, माळ्याजवळ काम पाहावे असे सुचविले आहे. त्याच्याही मुळाशी हाच विचार आहे. प्रश्न हेतूचा नाही. बाजाराच्या दिवशी प्रत्यक्षात काय होते, त्याचा आहे.

आम्ही असे पुष्कळ बाजार हिंडून पाहिले आहेत. त्यांतला एक मनातून जात नाही. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पटांगणात 22 दुकाने होती, त्यांपैकी 17 खाण्याची. समोसे, आलुबोंडे, भेळ, गुलाबजाम, पुन्हा समोसे. एका दुकानावर चौथीतली एक चुणचुणीत मुलगी होती. आम्ही विचारले, ‘किती नफा झाला?’ ‘320 रुपये!’ ‘वा! तेल कितीचे लागले?’ ‘तेल आईचं.’ ‘आणि बटाटे?’ ‘ते पण आईचे.’ ‘समोसे कोणी केले?’ मुलीने आमच्याकडे असे पाहिले, की हा काय प्रश्न झाला! आई पहाटे चारला उठली होती. मुलीच्या वाट्याला पितळी परात घरून शाळेत आणण्याचे काम आले होते. तेसुद्धा वडिलांनी मोटारसायकलवरून केले.

त्याच पटांगणाच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली एक मुलगा हात मागे बांधून उभा होता. त्याचे दुकान नव्हते. गुरुजींनी आधी विचारले तेव्हा तो म्हणाला होता, ‘गुरुजी, माह्या घरी काहीच नाही. मी का मांडू?’ आई-वडील दोघेही मजुरीला जाणारे. परातभर समोशांचे तेल त्या घरात निघणार कोठून? गुरुजी भले गृहस्थ. त्यांनी त्याला ‘पाहुण्यांना पाणी देण्याचे’ काम दिले. म्हणजे ज्या दिवशी सगळी मुले मालक झाली, त्या दिवशी हा एकटा वाढपी झाला.

या दोन मुलांत फरक बुद्धीचा नव्हता, स्वयंपाकघरांचा होता. आपण भरविला तो मुलांचा बाजार नव्हेच, तो घराघरांतल्या ऐपतीचा बाजार. त्यातून सावरण्याचा एकच मार्ग आम्हांला दिसतो. दुकानात काय मांडायचे ही कल्पना मुलाची असली पाहिजे, आणि ती मुलाच्याच हातांनी पुरी होईल एवढीच असली पाहिजे. कल्पना सुचण्याला भांडवल लागत नाही. मात्र ती सुचावी म्हणून वडील माणसांना थोडी मेहनत आणि पुष्कळसे मौन खर्चावे लागते.

मुलांच्या हातची वस्तू विकावी की नाही, यावर आपल्या शेजारीच एकदा मोठा वाद झाला होता. नागपूरच्या पलीकडे वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षणपरिषद भरली. गांधीजींचे म्हणणे असे, की शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे, आणि मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा. प्रा. के. टी. शहा यांनी या स्वावलंबनाच्या कलमाला हरकत घेतली. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना तयार केली. तिनेही आपल्या अहवालात इशारा दिला, की शिक्षकाचे लक्ष मालाकडे लागले तर तो मुलांकडून जास्तीत जास्त काम काढू लागेल आणि त्या कामातले शिक्षण मागे पडेल. एका दिवसाच्या बालबाजाराला एवढी मोठी तोफ कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु रोग तोच आहे, अंगावर फक्त लहान प्रमाणात उठला आहे. ‘आमच्या शाळेची उलाढाल इतक्या हजारांची झाली’ असे फलकावर लिहिले जाते तेव्हा समोसे जिंकतात.

आता कल्पना काढायच्या कशा, ते पाहू. सर्वांत वाईट प्रश्न म्हणजे ‘तू काय विकशील?’ हा. त्यावर मूल शेवटच्या बाजारात पाहिलेली वस्तू सांगते, किंवा शेजारच्या मुलाने सांगितलेली. एक म्हणाला भेळ, की साऱ्या वर्गात भेळ पसरते. याला मुलांची बुद्धी कमी हे कारण नाही. मोठ्यांचेही असेच होते, आणि ते मोजून पाहिलेले आहे.

अमेरिकेत अ‍ॅलेक्स ऑस्बर्न नावाचा एक जाहिरातदार होऊन गेला. चार डोकी एकत्र बसवून कल्पनांचे मंथन करण्याची रीत त्याने रूढ केली. त्याचे ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ हे पुस्तक 1953 चे. त्याचे नियम साधे होते. कोणाच्या कल्पनेला नावे ठेवायची नाहीत, अचाट कल्पनेचे स्वागत करायचे, आधी भरपूर कल्पना जमवायच्या, आणि एकाच्या कल्पनेला दुसऱ्याने ठिगळ लावून ती वाढवायची. नियम इतके पटण्याजोगे होते की जगभर लोकांनी ते उचलले. परंतु 1958 साली येल विद्यापीठात डोनाल्ड टेलर आणि त्यांचे सहकारी यांनी हे तपासून पाहिले. चार माणसे एकत्र बसविली, आणि दुसरीकडे चार माणसे वेगवेगळी बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. वेगळ्या बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या! पुढे 1987 मध्ये जर्मनीत डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी याचे एक मुख्य कारण दाखविले. एक बोलत असतो तेव्हा इतरांना थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात सुचलेले विरून जाते. आपल्या वर्गांत तर याला आणखी एक जोड आहे. पुढच्या बाकावरचा हुशार मुलगा बोलला की मागच्या बाकावरचे मूल आपले तोंड मिटून घेते.

म्हणून पहिली दहा मिनिटे वर्गात शांतता असावी. प्रत्येकाला पाठकोऱ्या कागदाच्या पाच-सहा चिठ्ठ्या द्याव्यात, एका चिठ्ठीवर एकच कल्पना. लिहिता येत नसेल त्याने चित्र काढावे. दुसरीतल्या मुलांची चित्रे लिहिण्यापेक्षा अधिक बोलकी असतात, असा आमचा अनुभव आहे. चिठ्ठीवर नाव घालायचे नाही. मग सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसराव्यात आणि मुलांनी भोवती कोंडाळे करावे. ऑस्बर्नचे नियम आता उपयोगी पडतात, कारण ज्याला सुचायचे ते सुचून झालेले असते. आता फक्त जोडाजोड.

या जोडाजोडीची गंमत एका शाळेत पाहिली. एका चिठ्ठीवर लिहिले होते, ‘ऊन विकणार.’ मुले खो खो हसली. बाईंनी हसू दिले, पण चिठ्ठी बाजूला टाकली नाही. त्यांनी विचारले, ‘ऊन कोणाला लागेल?’ दिवस जानेवारीचे, सकाळच्या वेळी बोटे वाकत नाहीत अशी थंडी. एक जण म्हणाला, ‘आजीला.’ दुसरी म्हणाली, ‘आजी आली की उभीच असते, बसायला काही नसतं.’ बघता बघता दुकान तयार झाले. पटांगणात जेथे सकाळी प्रथम ऊन येते तेथे चटया टाकायच्या, बसण्याचे दोन रुपये, आणि सोबत पुडीभर भाजलेल्या शेंगा. शेंगा आणल्या कोठून? शाळेच्या फाटकाशी रोज शेंगा-बोरे घेऊन बसणाऱ्या बाईंकडून, घाऊक भावाने. बाजाराच्या दिवशी शाळेतच सगळे खाणे मिळाले की फाटकावरच्या या बाईंचा धंदा बसतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. येथे त्यांचा माल आधीच खपला.

चिठ्ठ्यांच्या आधी आणखी एक गोष्ट केली तर फळ दसपट मिळते. मुलांना आठवड्याच्या बाजारात न्यावे, पण खरेदीला नव्हे, पाहायला. तीन गोष्टी पाहून या म्हणावे. कोणाच्या दुकानापुढे लोक थांबतात? कोण नुसते पाहून पुढे जाते? आणि बाजारात कोणाची कसली अडचण होते आहे? हा तिसरा प्रश्न सोन्याचा. पिशवी फाटलेला माणूस, पाणी शोधणारी म्हातारी, रडणारे पोर कडेवर घेऊन भाजी निवडणारी बाई, पाचशेची नोट घेऊन सुट्यांसाठी हिंडणारा शेतकरी, हे सारे मुलांच्या डोळ्यांना दिसते, कारण त्यांची उंचीच पिशवीएवढी असते. वस्तू ही कोणाच्या तरी अडचणीचे उत्तर असते, एवढे मुलाला एका फेरीत समजते. आणि वस्तूच कशाला, काम करून देणे हाही माल होऊ शकतो.

आता मालाला लागणारे सामान. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालवाड्या चालविल्या. तेथे महागड्या माँटेसरी साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी भरून काढली. आपला जिल्हा याबाबतीत कोसबाडपेक्षा गरीब नाही. तलावांचा आणि धानाचा हा मुलूख, भोवती पळस आणि मोह. धानाच्या लोंब्यांची वेणी घालून दाराशी टांगली की चिमण्या येतात. ही वेणी आजोबा शिकवतील आणि नऊ वर्षांचे मूल ती स्वतः घालील. पळसाच्या पानांचे द्रोण चोयांनी टोचून करता येतात. आणि येथे एका मुलीची अक्कल सांगितलीच पाहिजे. तिने द्रोण पाहुण्यांना विकलेच नाहीत! भेळवाल्या, फुटाणेवाल्या मुलांना बाजाराच्या आदल्या दिवशीच विकून ती मोकळी झाली. दुकानदारांनाही काही लागते, हे तिच्या ध्यानात आले. आमच्या मते त्या बाजारातली सर्वांत पक्की व्यापारी तीच. बाजार होळीच्या तोंडावर असेल तर पळसफुले भिजवून रंग करता येतो. श्रावणात पोळ्याच्या आधी असेल तर मातीचे लहान बैल आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीसाठी कापडाच्या चिंध्यांची झूल. तान्ह्या पोळ्याला घरोघर नंदी फिरवून बोजारा गोळा करणाऱ्या मुलांना या मालाची किंमत सांगावी लागत नाही. दोडका, भोपळा, वाल यांच्या घरच्या बिया पुडीत बांधून वर त्या वेलाचे चित्र काढावे. अशी यादी आम्ही लांबवीत नाही. लांबविली तर उद्या वर्गात तीच फळ्यावर लिहिली जाईल आणि मुलांच्या चिठ्ठ्या कोऱ्या राहतील!

चिठ्ठ्या जमल्या, जोडाजोड झाली, म्हणजे मग चाळणी लावायची. हे माझ्या हातांनी होईल काय, आईच्या नव्हे? येथे येणाऱ्या माणसांपैकी कोणाला ते हवे आहे काय? आणि लागणाऱ्या खर्चाहून ते जास्त पैसे आणील काय? शेवटच्या प्रश्नाला कागद-पेन्सिल लागते, म्हणून तेथे थोडे थांबू.

समजा, चार मुलांना लिंबाचे सरबत करायचे आहे. लिंबे 10, त्यांचे 40 रुपये. साखर अर्धा किलो, 24 रुपये. कागदी पेले 30, त्यांचे 30 रुपये. मीठ आणि जिरे घरचे, पण त्यांचेही 2 रुपये धरावेत, नाहीतर पुन्हा ‘तेल आईचं’ सुरू होते. एकूण 96. पेला 5 रुपयांना विकला आणि तीसही पेले खपले तर 150 येतात, म्हणजे 54 रुपये नफा. येथवर बहुतेक शाळा हिशेब करवून घेतात. परंतु खरा हिशेब पुढेच आहे. थंडीच्या सकाळी 30 पेले खपले नाहीत, 18 च खपले तर? 90 रुपये आले, 6 रुपये बुडाले. मुलांना विचारावे, ‘निदान किती पेले खपले पाहिजेत?’ एकोणीस पेल्यांचे 95 होतात, अजून एक रुपया तोटा. वीस पेल्यांचे 100. म्हणजे विसावा पेला विकला जाईपर्यंत आपण फुकट राबतो आहोत! हे कळल्यावर मुलांची तोंडे पाहण्यासारखी होतात. मग कोणीतरी म्हणते, ‘पेल्यांऐवजी घरून वाट्या आणू, धुऊन घेऊ.’ कोणी म्हणते, ‘सरबत नकोच, थंडी आहे.’ दोन्ही उत्तरे बरोबर, आणि दोन्ही त्यांची स्वतःची.

यासाठी भांडवल सगळ्यांना सारखे असले पाहिजे, ही आमची कळकळीची सूचना आहे. चार-चार मुलांचे गट करावेत, आणि प्रत्येक गटाला शाळेने 100 रुपये उसने द्यावेत. बाजार संपल्यावर ते परत करायचे. घरून जे आणाल त्याची किंमत वहीत मांडायची. गटात नाना घरची मुले असावीत. एवढी रक्कम जमविणे कोणत्याही गावाला जड नाही. गावात पाच जण चहा सोडतील तर एका गटाची सोय होते. उकळते तेल आणि विस्तव मात्र मुलांच्या दुकानात नसावा. याचे कारण सांगण्याची गरज नाही.

नवी वस्तू एकदम तीस करू नये. आधी एकच करून दुसऱ्या वर्गातल्या मुलाला दाखवावी आणि ‘आवडली का?’ असे न विचारता ‘याचे किती देशील?’ असे विचारावे. आवडली म्हणायला पैसे पडत नाहीत.

आता पालकांसाठी दोन शब्द, थोडे कडू. मुलाने घरी येऊन कल्पना सांगितली की आपल्या तोंडून ‘हे कोण घेणार?’ असे निघून जाते. ते गिळावे. त्याऐवजी ‘कोण घेईल असे तुला वाटते?’ असे विचारावे. शब्द तेच आहेत, पण पहिल्या वाक्याने दार बंद होते. मुलाची झूल तिरपी शिवलेली असेल, ती रात्री जागून सरळ करून ठेवू नये. सकाळी मुलाला ती आपली वाटत नाही. आणि बाजाराच्या दिवशी आपण जे करतो ते सर्वांत वाईट. पाच रुपयांची वस्तू घेऊन पन्नासची नोट देतो आणि ‘राहू दे’ म्हणतो. आपल्याला वाटते आपण कौतुक केले. वस्तुतः आपण त्या मुलाला सांगितले, की तुझ्या वस्तूला किंमत नाही, तू लहान आहेस म्हणून ही खिरापत. शिवाय शेजारच्या दुकानात उभ्या असलेल्या, ज्याचे वडील मजुरीवर गेल्यामुळे आलेच नाहीत, त्या मुलाच्या हिशेबाचे काय? गिऱ्हाइकाने गिऱ्हाइकासारखे वागावे. वस्तू नीट पाहावी, नको असेल तर नको म्हणावे, हवी असेल तर थोडी घासाघीसही करावी. मुलांना ती फार आवडते. सुटे परत मागावेत आणि मोजून घ्यावेत. अलीकडे काही दुकानांवर वडिलांच्या मोबाइलचा क्यूआर कोड लावलेला दिसतो. पैसे खरे, पण मुलाच्या हाती काहीच पडत नाही, आणि वजाबाकी मोबाइल करतो. त्या एका दिवसापुरती नाणी असू द्यावीत. एखाद्या गटाने सुटे देण्याचेच दुकान थाटले, तर फारच छान.

लिंबाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या त्या मुलाचे पुढे काय झाले, ते राहिले. दुसऱ्या वर्षी त्याच शाळेत आम्ही पुन्हा गेलो. गुरुजींना मागल्या वर्षीचे शल्य होतेच. या वेळी त्यांनी चिठ्ठ्या दिल्या आणि एक प्रश्न घातला, ‘जे तुम्हांला चांगले येते आणि दुसऱ्याला करायचा कंटाळा येतो, असे काय?’ पाचवीत गेलेल्या त्या मुलाने लिहिले होते, ‘भांडे घासता येते.’ दिवाळीच्या आधी आजीबरोबर तो लोकांकडची पितळी भांडी घासायला जात असे. ही गोष्ट त्याने वर्गात कधी सांगितली नव्हती. चिठ्ठीवर नाव नव्हते, म्हणून लिहिली.

भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नाव कमावलेले गाव. तो धंदा आता पूर्वीसारखा राहिला नाही, पण आपल्या माळ्यावर आजीची घागर, गडवा, समई, परात अजून आहेत, आणि काळ्या पडलेल्या आहेत. चौघांच्या गटाने पाटी लिहिली: ‘पितळी भांडे आणा, चकचकीत न्या. लहान 5, मोठे 10.’ आठ दिवस आधी गावात सांगून ठेवले. पाव किलो चिंचेचे 30 रुपये, मिठाचे 5, राख फुकट, चिंध्या घरच्या. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, पितळेवर चढलेली काळी पुटे ते विरघळवते. हे गुरुजींनी त्यांना आधी समजावून दिले होते, आणि मुलगा प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत होता, क्वचित ‘टार्टारिक’ऐवजी भलताच शब्द वापरून. आजीने त्याला दोन गोष्टी बजावल्या होत्या. कलई केलेल्या भांड्याला आतून चिंच लावायची नाही, आणि घासून झाल्यावर भांडे लगेच धुऊन कोरडे पुसायचे, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा डाग पडतात. पुसण्याचे काम ज्या मुलाकडे होते तो डॉक्टरांचा मुलगा. एका समईला ओल राहिली तेव्हा त्याला बोलणी खावी लागली, तीही चारचौघांत आणि झाडीबोलीत.

दुपारपर्यंत रांग लागली. लहान भांडी 14 आणि मोठी 9 झाली. म्हणजे 70 आणि 90, एकूण 160 रुपये. उसन्या 100 तले 65 शिल्लक होते, त्यांत 35 घालून शाळेचे परत केले. नफा 125 रुपये. चौघांत वाटायला बसले, प्रत्येकी 31 आले आणि एक रुपया उरला. त्या एका रुपयावरून जी वादावादी झाली ती आम्ही पाऊण तास ऐकत होतो. एकाचे म्हणणे, भांडे घासण्याची कल्पना ज्याची, त्याला द्यावा. दुसऱ्याचे म्हणणे, पाटी आपण लिहिली, अक्षर पाहूनच लोक आले. तिसरा म्हणाला, चिंच उरली आहे, तिचेही पैसे धरायला पाहिजेत, म्हणजे हिशेबच चुकला. हे खरे होते. गुरुजी मध्ये पडले नाहीत. घंटा झाली तेव्हा चौघे उरलेली चिंच तराजूत घालून मोजत होते.